पातालपानीला सासूबाई, नणंद आणि दोन वानरं : जमेल का?

जिरावन

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथल्या भटक्यांना नाही विचारायचं तर कोणाला?

पुढच्या आठवड्यात पुण्याहून नणंद येते आहे. सोबत तिचे दोन चिरंजीव, एक आठ वर्षांचा, एक अकरा, दोघांच्या अंगात कायमचा संचार. इकडे घरी सासूबाई, वय ७२, एक गुडघा कामातून गेलेला, पण "मला सोडून कुठे जायचं नाही" हा हट्ट शाबूत. राजवाडा, लालबाग, सराफा, छप्पन दुकान हे सगळं मागच्या खेपेला झालंय. यंदा पोरांना जंगलातला धबधबा हवाय, आणि तोही चालत जाऊन. गाडीतून उतरले, फोटो काढला, परत बसले, असला नको म्हणे.

तर इंदूरपासून दीड तासाच्या आत, चालणं थोडं, वाट सोपी, पण धबधबा खरा, असं काय आहे? पातालपानी, तिंछा, जोगी भडक, शीतलामाता, मेहंदीकुंड, कजलीगढ... जो भेटतो तो वेगळं नाव घेतो. आणि सासूबाईंना नेणं शहाणपणाचं आहे का? नवरा म्हणतो, "आई गाडीत बसेल." आई म्हणतात, "गाडीत तू बस."

खंडवा_रोड

तिंछा. डोळे मिटून तिंछा. सिमरोलकडे आत वळायचं, भिया, पाऊण-एक तासात पोचता. वरून व्ह्यू एकदम जबरदस्त. खाली उतरायची वाटपण आहे, थोडी घसरडी, पण पोरं मस्त जातील.

छावणीकर

डोळे मिटून तिंछाला जाऊ नये. डोळे उघडे ठेवून गेलेलेही तिथल्या डोहात बुडाले आहेत, आणि त्यात पोहता येणारेही होते. खालचा डोह वरून शांत दिसतो. आत दगडांच्या कपारी आहेत, पाण्याचा पडता मार माणसाला तळाशी दाबून धरतो. आठ वर्षांचं पोर आणि "थोडी घसरडी" हे दोन शब्द एका वाक्यात लिहू नयेत.

जिरावनताई, मी महूचा. तुमच्या घरच्या मंडळींसाठी पातालपानीच. इंदूरहून साधारण ३५ किलोमीटर, महूपासून तर अगदी हाकेवर. रस्ता आहे, कड्याला रेलिंग आहे, स्टेशनपासून सपाट चालणं आहे. पाणी ३०० फुटांच्या आसपास खाली पडतं. पुण्याच्या पाहुण्यांनी नाक मुरडावं असं त्यात काही नाही. अट एकच. रेलिंगच्या अलीकडे राहायचं. खाली उतरायचं नाही, वरच्या पात्रात शिरायचं नाही.

खंडवा_रोड

काका, रेलिंगमागून बघायचं तर मग घरी यूट्यूबच काय वाईट? धबधबा म्हणजे भिजायला पाहिजे ना.

छावणीकर

भिजायला पाऊस आहे. ऑगस्टात महूला जा, छत्री असूनही भिजता.

अर्धापुणेकर

मी मूळचा इंदूरचा, नोकरीपायी पुण्यात. एक सांगतो, सह्याद्रीतल्या धबधब्याची सवय असलेल्यांना पातालपानी वेगळं वाटतं. तिकडे आपण खालून वर बघतो. इथे आपण सपाट जमिनीवर चालत असतो, शेतं, बाभळी, म्हशी, आणि अचानक जमीनच संपते. समोर दरी. पोरांना हे जास्त आवडेल. फक्त त्यांना आधी सांगून ठेवा, कारण धावत सुटलेल्या पोराला जमीन संपल्याचं उशिरा कळतं.

ताई, पुण्याच्या मंडळींना एक विचारा, जळवांची भीती वाटते का? ताम्हिणीत पाय धरून बसतात तशा इकडे मला तरी कधी लागल्या नाहीत.

वेडा_ढग

"अचानक जमीन संपते" यावर थोडं पाल्हाळ लावतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे सरकावं.

माळव्याचं पठार उत्तरेकडे उतरतं आहे. म्हणून इंदूरची खान नदी वाहते ती उज्जैनकडे, क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे राजवाड्यावर पडलेला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. पण महूच्या दक्षिणेला हे पठार एकदम तुटतं. तो विंध्याचा कडा. त्याच्या खाली निमाड आणि नर्मदा. या कडेवरून जे पाणी दक्षिणेला पडतं ते नर्मदेतून अरबी समुद्राला जातं. जानापावच्या डोंगरावर उभं राहिलात तर एका अंगाला चंबळेचा उगम, दुसऱ्या अंगाचं पाणी नर्मदेचं. पातालपानीचा प्रवाह चोरल नदीचा, ती खाली बडवाहजवळ नर्मदेला मिळते. म्हणून इंदूरचे झाडून सगळे नावाजलेले धबधबे दक्षिणेलाच आहेत. देवासकडे शोधत बसू नका.

दुसरं, आणि हे जास्त कामाचं. इथला सगळा खडक बसाल्ट, दख्खनच्या पठाराचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर आले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ, मध्ये मध्ये लाल मातकट पट्टा. धबधब्याच्या तुषारांनी आणि खालच्या उसळीने ठिसूळ थर आधी झिजतो. वरचा घट्ट थर तसाच पुढे राहतो, खालून पोकळ. मग कधीतरी तो तुटतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. मुद्दा असा की कड्याच्या टोकावर तुम्ही उभे असता तेव्हा पायाखाली खडक दिसतो, पण त्या खडकाखाली काय आहे ते तुम्हाला दिसत नसतं. रेलिंग नुसतं पाय घसरू नये म्हणून नसतं.

खंडवा_रोड

हे मात्र माहीत नव्हतं. बरं, मान्य.

रामबागची_आजी

आम्ही लग्नानंतर महूहून चालत जायचो पातालपानीला. वरच्या पात्रात दगडावर बसून डबा खायचा, पाय पाण्यात सोडून. बायका कपडे धुवायच्या. तेव्हा कुठलं रेलिंग आणि कुठला पोलीस! हल्ली सगळ्याची भीतीच फार. मुलांना पाण्याला हात लावू दिला नाही तर ती शिकणार कशी?

छावणीकर

आजी, तुमचा मान राखून बोलतो. तुमच्या वेळेलाही पाणी असंच यायचं. फरक इतकाच की तेव्हा तिथे चार माणसं असायची, आता पावसाळ्यातल्या रविवारी जत्रा असते.

२०११ चा जुलै महूवाले विसरलेले नाहीत. रविवार होता. एक कुटुंब वरच्या पात्रात, कड्याच्या अगदी जवळ, दगडांवर होतं. बघता बघता पाणी वाढलं. ते मधल्या दगडावर एकमेकांना धरून उभे राहिले, काठावरून लोक ओरडत होते, दोर नाही, काही नाही, आणि मग प्रवाहाने त्यांना कड्यावरून नेलं. काठावरच्या कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि ते देशभर दाखवलं गेलं. तो व्हिडिओ मी इथे टाकणार नाही, कोणी टाकूही नये. रेलिंग, बंदी, पोलीस हे सगळं त्यानंतरचं आहे. त्यामुळे त्या रेलिंगची कोणी चेष्टा केली की माझं डोकं फिरतं.

वेडा_ढग

"बघता बघता" म्हणजे किती, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पातालपानीच्या वर पठार आहे, काळी माती, खाली कातळ. जुलैच्या मध्यापर्यंत माती पाणी पिऊन तुडुंब झालेली असते. त्यानंतरचा जोराचा पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात येतो. तो पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजच नाही. चार-सहा किलोमीटर वर पडला तरी पुरतो. तुम्ही इथे उन्हात भुट्टा खात असता.

पाणी येण्याआधी निरोप पाठवतं, पण तो वाचता यायला हवा. नितळ पाणी अचानक चहाच्या रंगाचं होतं. काटक्या, पालापाचोळा, फेस वाहत येऊ लागतो. आवाज बदलतो, बारीक खळखळ जाऊन जड घरघर येते. आणि मघाशी कोरडा दिसणारा एखादा दगड पाण्याखाली जातो. यातलं एकही दिसलं तर वर चढायचं, चपला-पिशव्या सोडून. "दोन मिनिटं थांबू, फोटो काढू" म्हणायचं नाही. पलीकडच्या काठाला जायचं तर मुळीच नाही, ज्या काठाला गाडी आहे त्याच काठाला.

आणि वरच्या बाजूला, म्हणजे जानापाव-महूच्या दिशेला ढग काळे असतील तर कुठल्याच धबधब्याच्या पात्रात उतरू नये. हा नियम तिंछालाही तोच, मेहंदीकुंडलाही तोच.

रामबागची_आजी

अरे बाबा, चपला सोडून पळायचं हे आम्हालाही सासऱ्यांनी सांगितलेलं. मामंजी शेतकरी होते, त्यांना ओढ्याचा आवाज कळायचा. आता कोणाला कळतो? तेवढ्यापुरतं तुमचं खरं आहे.

जिरावन

बाप रे. मी सहलीचं विचारलं होतं, रात्रीची झोप गेली. पण बरं झालं. पातालपानी ठरलं आणि रेलिंगच्या अलीकडे ठरलं. आता जरा गोड बोला. चालायचं किती? सासूबाईंना काठी लागते. आणि जंगल कुठे आहे? अर्धापुणेकर म्हणतायत शेतं आणि म्हशी. पोरांना जंगल हवंय.

सागपान

जंगल आहे, फक्त नीट बघावं लागतं. पोरांच्या डोक्यात कार्टूनमधलं, वेलींना लोंबकळायचं जंगल असणार. आपलं ते नव्हे. आपलं उष्ण प्रदेशातलं कोरडं पानझडी जंगल आहे, साग, पळस, धावडा, तेंदू, मोहा, सालई. मे महिन्यात याच कड्यावर उभं राहिलात तर सगळं राखाडी, एक हिरवं पान दिसणार नाही. ऑगस्टात त्याच जागी हिरव्याचे इतके प्रकार की डोळा ठरत नाही. दरीच्या उतारावर बघा, खरं जंगल तिथे आहे.

पोरांना कामाला लावा, म्हणजे ती कड्याकडे धावणार नाहीत:

सागाचं कोवळं पान खुडून तळहातावर चोळायला सांगा. हात लालभडक होतो. आधी सांगू नका, होऊ द्या.

सागाची जुनी पानं वर धरून उजेडात बघायला सांगा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक बारीक अळी पानाचा हिरवा भाग खाऊन टाकते, शिरा तेवढ्या ठेवते. पानाची जाळी होते. कोणी केलं, का केलं, शिरा का सोडल्या, अर्धा तास जातो.

सागाला याच दिवसांत फुलोरा असतो, झाडाच्या शेंड्यावर पांढरट तुरे. लोक खाली बघत चालतात, त्यांना दिसत नाहीत.

कुंपणाच्या कडेला कळलावी दिसली तर लाल-पिवळ्या पाकळ्या बघायच्या, हात लावायचा नाही. सगळं झाड विषारी, कंद तर फारच.

मखमली लाल किडे, आपण मृगाचे किडे म्हणतो ते, पहिल्या पावसातले. ऑगस्टात बहुधा नाही मिळायचे.

आणि माकडं. याबद्दल इतर लोक सांगतीलच.

खंडवा_रोड

माकडं म्हणजे टोळी आहे टोळी. सेवचं पाकीट पिशवीबाहेर काढलं की संपलं. माझ्या हातातून कचोरी नेली, वर झाडावर बसून माझ्याकडे बघत खाल्ली.

अर्धापुणेकर

इंदूरचं माकड आहे, त्याला जिरावनपण (पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला) लागत असेल वरून.

मीटरगेज

उशिरा आलो. रेल्वेत होतो, आता निवृत्त. चालण्याचं आधी सांगतो. पातालपानी स्टेशनपासून धबधब्याच्या कडेपर्यंत फार अंतर नाही. सपाट आहे, थोडी दगडगोट्यांची वाट. काठीवाल्या माणसाला आरामात जमतं, मात्र पाऊस पडून गेल्यावर बसाल्टच्या दगडावर शेवाळ असतं, ते काळ्यावर काळं, दिसत नाही. मातीवर पाय ठेवा, दगडावर नको. चपलेऐवजी दात असलेला रबरी सोल. आणि काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल तर आधी बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, मेडिकलमध्ये मिळतं.

आता रेल्वेचं. काही लोक तुम्हाला सांगतील की रुळांवरून घाटाखालच्या कालाकुंड स्टेशनपर्यंत चालत जा, "ट्रेक" आहे. जाऊ नका. बोगदे आहेत, पूल आहेत, पुलावर बाजूला व्हायला जागा नाही. शिवाय रुळांवरून चालणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

त्यापेक्षा गाडीने जा. पातालपानी ते कालाकुंड मीटरगेजचा (एक मीटर रुंदीच्या रुळांचा) तो टप्पा रेल्वेने वारसा म्हणून ठेवला आहे, २५ डिसेंबर २०१८ ला ती गाडी सुरू झाली. जेमतेम दहा किलोमीटर, पण उतार ४० ला १ चा, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. मोठ्या काचांचे डबे आहेत, साधेही आहेत. धबधब्यापाशी थांबते. सासूबाईंना तर हेच उत्तम. पावसाळ्यात शनिवार-रविवार चालते, पण वेळापत्रक बदलत असतं, आरक्षण लवकर भरतं. निघण्याआधी रेल्वेच्या साइटवर बघूनच ठरवा, कोणाच्या जुन्या पोस्टवर जाऊ नका. माझ्याही नाही.

आणि एक गोष्ट, इंदूरच्या मराठी माणसाला माहीत असायला हवी अशी. ही लाइन ज्या खंडवा–इंदूर रेल्वेची, तिच्यासाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांसाठी. संस्थानिक कर्ज घेतात असं आपण वाचतो. इथे संस्थानिकाने सरकारला दिलं.

जिरावन

मीटरगेजकाका, सासूबाईंना तुमची पोस्ट वाचून दाखवली. त्यांचं माहेर खंडव्याचं. त्या लगेच म्हणाल्या, "त्यांना विचार, तंट्यामामाबद्दल का नाही लिहिलं? गाडी पातालपानीला मामाच्या ठाण्यापाशी, म्हणजे देवस्थानापाशी, थांबायचीच. शिट्टी दिल्याशिवाय ड्रायव्हर पुढे न्यायचा नाही. नाहीतर गाडी पुढे चढायचीच नाही."

मीटरगेज

सासूबाईंना नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर पकडलं. तंट्या भिल्ल, इंग्रज आणि सावकार दोघांनाही पुरून उरलेला. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपुरात फाशी दिली. पातालपानीला रुळांजवळ त्यांचं ठाणं आहे, भिल्ल मंडळी नवस बोलतात, डिसेंबरात मोठी गर्दी होते. २०२१ मध्ये राज्य सरकारने स्टेशनला त्यांचं नाव द्यायचं जाहीर केलं.

गाडी थांबायची हे शंभर टक्के खरं. रेल्वेचं कारण असं की पुढे एवढा मोठा उतार, त्याआधी ब्रेकची चाचणी घ्यायचीच असते, नियमच तो. तेव्हा थांबा होता तो ब्रेकसाठी. पण शिट्टी आणि नारळ ब्रेकच्या नियमात नाही. तो ड्रायव्हर लोकांचा स्वतःचा. मी कोणालाही मामाला न मानता घाट उतरताना बघितलं नाही, आमच्यातला एक पक्का नास्तिक होता, तोही शिट्टी द्यायचा.

जिरावन

सासूबाई म्हणतात, "ब्रेकपण मामाच लावतो." विषय संपला.

रामबागची_आजी

कालाकुंडचा कलाकंद विसरलात सगळे! पानाच्या द्रोणात देतात. खवा दाणेदार, गोड बेताचा. त्या गाडीने गेलात तर आधी तो घ्या, धबधबा नंतर. संपतो.

छावणीकर

बाकी वेळेबद्दल. रविवार टाळा. शनिवारीही सकाळी साडेआठ-नऊच्या आत पोचा, अकरानंतर गाड्यांची रांग लागते आणि मोठमोठ्याने गाणी वाजवणारी टोळकी येतात. १५ ऑगस्टला तर विसराच. महूत नाश्ता करून पुढे जा, पोहे तिथेही चांगले मिळतात (इंदूरकरांनी निषेध नोंदवावा). शौचालयाची सोय महूतच उरकून घ्या, बायकांना पुढे त्रास होतो. मोबाइलला दरीजवळ रेंज येते-जाते, तेव्हा दोन गाड्या असतील तर परत भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा.

२०२३ मध्ये महूच्या आसपास वाघ फिरत होता, म्हणून कोणी घाबरवलं तर दिवसाढवळ्या गर्दीच्या वाटेवर काळजीचं कारण नाही. मात्र संध्याकाळी उशिरा दरीच्या झाडीत शिरू नये, बिबटे या पट्ट्यात आहेतच.

जिरावन

जाऊन आलो! शनिवारी. सगळे सुखरूप. ज्यांनी ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना मनापासून धन्यवाद, आता सविस्तर ऐका.

गाडीचं आरक्षण मिळालं नाही, सगळं भरलेलं. म्हणून आपल्याच गाडीने, सहा वाजता निघून. महूत पोहे खाल्ले. छावणीकरकाका, माफ करा, शेव कमी होती. बाकी पोहे चांगले.

पातालपानीला पोचलो तेव्हा मोजकी माणसं होती. आधी सासूबाईंनी तंट्यामामांच्या ठाण्यावर नारळ फोडायला लावला, मग पुढे. वाटेवर चिखल होता, पण मीटरगेजकाकांच्या सांगण्याप्रमाणे मातीवरून चाललो. काठीला नवं रबर बसवलं होतं. नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि त्या मधोमध आम्हालाच सांभाळत असल्यासारख्या.

सागपानताई, तुमची युक्ती शंभर नंबरी. धाकट्याने पान चोळलं, हात लाल झाला आणि तो रडायला लागला, त्याला वाटलं रक्त आलं. थोरला हसून हसून खाली बसला. मग दोघांनी मिळून माझी ओढणी, नवऱ्याचा शर्ट आणि गाडीची सीट लाल केली. डाग निघत नाहीयेत, काही उपाय असेल तर सांगा. जाळीची पानं मिळाली, ती वहीत घालून पुण्याला गेली. थोरल्याला प्रश्न पडला की अळीला शिरा आवडत नाहीत की चावत नाहीत. मला उत्तर आलं नाही.

आणि मग धबधबा. पाणी भरपूर होतं, रंग मातकट, म्हणजे वर पाऊस झालेला असणार. तुषार रेलिंगपर्यंत येत होते. चष्मा पुसायचा, पुन्हा ओला, पुन्हा पुसायचा. पोरं मिनिटभर गप्प झाली, आमच्या घरच्या इतिहासात हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मग धाकट्याने विचारलं, "खाली जाऊ या?" मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "खाली जायला तिकीट लागतं, आणि परतीचं मिळत नाही." पुन्हा कोणी विचारलं नाही.

वेडा_ढग, तुमचा लाल पट्टा दिसला. समोरच्या कड्यावर, काळ्या थरांच्या मध्ये, विटकरी रंगाची आडवी रेघ. त्याच्या वरचा खडक खरंच पुढे आलेला आहे. नणंदेला दाखवलं तर ती दोन पावलं मागे सरकली आणि मग सबंध वेळ पोरांच्या कॉलरी धरून उभी राहिली.

रेलिंग ओलांडून पलीकडे सेल्फी काढणारे चौघे होते. पोलिसाने शिट्टी मारली, आले अलीकडे, तो वळला की पुन्हा पलीकडे. काय बोलणार.

परतताना भुट्टे. एक बाई कोळशावर भाजत होती, कणीस आचेवर फिरवता फिरवता मध्येच बोटाने दाणा दाबून बघायची. लिंबाची फोड मीठ-मिरचीत बुडवून कणसावर घासून द्यायची. सासूबाईंनी तिला विचारलं, पाणी कधीपर्यंत असतं. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बरं, मग बारीक होत जातं, होळीला नुसता दगड. माकडाने नवऱ्याचा भुट्टा नेला. आमचे नाही, फक्त त्याचा. सासूबाईंचं म्हणणं, "गाडीत बसायला सांगत होता ना मला."

खंडवा_रोड

सासूबाईंना या धाग्यावर खातं उघडून द्या.

सागपान

डागांवर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवून बघा, पण लगेच. सुती कपड्यावर निघेल थोडाफार, सीटवर आशा सोडा.

थोरल्याला सांगा, शिरा चिवट असतात, अळीचा जबडा लहान. मऊ ते आधी खाऊन ती पुढच्या पानावर जाते.

नवा_सदस्य_महू

खूप उपयोगी चर्चा. आमच्याकडे गणपतीनंतर मुंबईहून मंडळी येणार आहेत, व्हीलचेअरवर एक काका आहेत. रेलिंगपर्यंत व्हीलचेअर जाईल का? आणि तेव्हा पाणी असेल ना?

छावणीकर

पाणी असेल, सप्टेंबरभर चांगलं असतं. उलट तेव्हा ऊन पडतं, दरी स्वच्छ दिसते, चिखल कमी.

व्हीलचेअर चिखलात रुतते आणि दगडगोट्यांवर अडते. दोन धट्टीकट्टी माणसं सोबत असतील तर थोडं उचलून नेता येईल, पण पाऊस पडून गेलेल्या दिवशी नको. त्यांच्यासाठी मी रेल्वेगाडीचाच पर्याय सुचवेन, बसल्या जागी धबधबा दिसतो. फक्त डब्यात चढायच्या पायऱ्या उंच आहेत, स्टेशनवर आधी विचारून घ्या. मीटरगेजसाहेब, फलाटाची उंची सांगा बरं.

मीटरगेज

फलाट खालचा आहे, पायऱ्या चढाव्याच लागतील. खुर्ची घडीची असेल तर काकांना दोघांनी आधार देऊन चढवा आणि खुर्ची मागून घ्या. आरक्षण करताना दाराजवळची जागा बघा. पातालपानीलाच चढवा आणि परत पातालपानीलाच उतरवा, कालाकुंडला मध्ये उतरवायच्या भानगडीत पडू नका. कलाकंद कोणीतरी खाली उतरून आणून देईल.